यूर्मूर म्हणजे ‘पृथ्वीची आई’ का? नॉर्वेजियनमधल्या सुईणीच्या शब्दाबद्दल

रानजाई

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं झाली स्टावांगरला आहे आणि आता सातवा महिना चालू आहे. प्रश्न तब्येतीचा नाहीये, सगळं व्यवस्थित आहे, प्रश्न एका शब्दाचा आहे आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतेय.

इथे गरोदरपणातल्या तपासण्या डॉक्टरकडेच करायला पाहिजेत असं नसतं. नगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात एक बाई असते तिच्याकडे केल्या तरी चालतं, पैसे लागत नाहीत, आणि मला तर तिच्याकडेच जायला जास्त आवडतं कारण ती अजिबात घाई करत नाही. पहिल्यांदा दारावरची पाटी बघितली तेव्हा मी ती ‘जॉर्डमॉर’ अशी वाचली होती. नंतर कळलं की इथे जे चा उच्चार य, त्या जॉर्डमधला ड बोलायचाच नाही आणि ओ चा होतो ऊ, म्हणजे यूर आणि मूर, यूर्मूर. हे दोन्ही शब्द भाषेच्या क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलेले. यूर म्हणजे माती, जमीन, पृथ्वी, सगळं त्यातच आलं, आणि मूर म्हणजे आई. आईची आई ती मूर्मूर, बाबांची आई ती फार्मूर. मग त्याच हिशोबाने यूर्मूर कोण झाली, पृथ्वीची आई?

मागच्या आठवड्यात तिने पोटावर एक लाकडी कर्ण्यासारखं यंत्र लावलं, वीतभर लांब, रुंद तोंड पोटावर आणि बारीक टोकाला तिचा कान, आणि हात सोडून नुसत्या कानाच्या दाबाने ते धरून ठेवलं होतं. बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलरचं मशीन शेजारीच होतं पण ती आधी हेच लावते. खोलीत एकदम शांतता, तिचं डोकं माझ्या पोटाशी इतकं जवळ की मला तिच्या केसांचा वास येत होता. तेव्हा मी विचारलं की तुमच्या कामाला मातीची आई असं का म्हणतात. ती म्हणाली, पूर्वी बाळ जमिनीवर जन्मायचं आणि ते जमिनीवरून उचलायची म्हणून. तिथेच दुसरी एक जण फाइल घेऊन उभी होती, ती म्हणाली नाही नाही, तो मातीचा शब्दच नाही, ‘बाळ’ अशा अर्थाचा कुठलातरी जुना शब्द होता, तो लोक विसरले आणि त्याची माती झाली.

आईला सांगलीला फोनवर सांगितलं तर ती लगेच, अगं भूमाताच म्हण की. मला तेही पटलं. आता तीन उत्तरं झाली. इथे कुणाला नॉर्स, म्हणजे या भागातली जुनी भाषा, वगैरे येत असेल तर सांगाल का नक्की काय आहे?

जुनी_पानं

रानजाई ताई, छान प्रश्न. मी ओस्लोला स्कँडिनेव्हियन भाषांवर दोन वर्षं काढली आहेत, हा शब्द आमच्याकडे वर्गात एकदा निघाला होता आणि त्यावरून बरीच वादावादी झाली होती. तुमच्या दोन्ही यूर्मूर चुकीचं काही बोलल्या नाहीत, ही दोन्ही स्पष्टीकरणं खरोखरच चालत आलेली आहेत. भूमाता मात्र सोडून द्यावी लागेल, आईंना नमस्कार सांगा.

आधी ती का सोडायची ते बघू. या भाषांमध्ये ‘मूर’ हे शेपूट फक्त जन्मदात्रीला लागत नाही. घर चालवणारी ती हूसमूर, बाप्तिस्म्याच्या वेळी जबाबदारी घेणारी ती गुदमूर, आजी ती बेस्तेमूर. म्हणजे मूर ही एक मानाची, जबाबदारीची जागा आहे, आपल्याकडे हॉस्पिटलमधल्या मावशी जशा कुणाच्या सख्ख्या मावशी नसतात पण सगळा वॉर्ड त्यांना मावशीच म्हणतो, तसं. त्यामुळे यूर्मूर ही पृथ्वीची आई नाही, जमिनीशी ज्या बाईचं काम पडतं ती बाई. स्वीडिशमध्ये जुन्या काळी हिलाच यूर्दगुम्मा म्हणायचे, गुम्मा म्हणजे म्हातारी बाई. तिथे आई हा शब्दच नाहीये, पण माती तशीच आहे, म्हणजे शब्दाचं वजन मातीवर आहे.

आता जमीन का. पूर्वी उत्तरेकडे बाई पलंगावर पाठीवर झोपून बाळंत होत नसे, गुडघ्यावर किंवा कुणाच्या तरी मांडीवर, खाली गवत किंवा पेंढा पसरलेला. जुन्या नॉर्स काव्यसंग्रहात, एड्डात, ओड्रूनचा विलाप म्हणून एक कविता आहे, त्यात बोर्गनी नावाची मुलगी अडलेली असते, ओड्रून घोड्यावरून येते आणि थेट तिच्या गुडघ्यांसमोर जाऊन बसते, मंत्र म्हणते आणि मुलगा आणि मुलगी अशी दोन लेकरं जन्माला येतात. गुडघ्यांसमोर बसणं, हे त्या कामाचं चित्रच आहे. बाळ येतं ते खाली, जमिनीकडे.

पुढचं लिहावं की नको असा विचार करत होतो कारण तुम्ही सातव्या महिन्यात आहात, पण शब्दाचा खरा अर्थ तिथेच आहे असं मला वाटतं म्हणून लिहितो. ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधी तिथे नवजात बाळ ठेवायचं की नाही हे ठरवलं जायचं, नको असलेलं बाळ बाहेर रानात नेऊन ठेवायचे. आइसलँडने सन 1000 च्या सुमाराला धर्म बदलला तेव्हासुद्धा ही प्रथा लगेच बंद झाली नव्हती, सुरुवातीला तिला सूट दिली होती. नॉर्वेच्या लोककथांत अशा बाळांचं भूत रडत फिरतं, त्याला उतबुर्द म्हणतात, शब्दशः ‘बाहेर नेलेलं’. उलट ज्या बाळाला बापाकडे नेलं, पाणी शिंपडलं, नाव दिलं ते घरातलं झालं, त्याच्यानंतर त्याला टाकणं म्हणजे खून. तर जमिनीवरून उचलणं ही नुसती हालचाल नाही, हे मूल जगणार आणि आपलं राहणार असं त्यात म्हटलेलं आहे. बऱ्याच कोशांत यूर्मूरची व्युत्पत्ती याच अंगाने देतात.

याला बाजूने आधारही आहे. जर्मनमध्ये सुईणीला हेबामे म्हणतात, त्याचं जुनं रूप हेवियाना, त्यातला पहिला भाग उचलणे आणि दुसरा म्हातारी किंवा आजी, म्हणजे ‘उचलणारी आजी’. नंतर लोकांना तो ‘आना’ कळेनासा झाला आणि त्यांनी तो ओळखीच्या ‘आमे’ला, म्हणजे दाईला, नेऊन जोडला. आणि रोमन लोकांत तर या उचलण्याची स्वतंत्र देवीच होती, लेवाना, लॅटिनमध्ये लेवारे म्हणजे उचलणे, सेंट ऑगस्टीनने तिचा उल्लेख केलेला आहे.

दुसरं स्पष्टीकरण म्हणजे त्या फाइलवाल्या बाईंचं. जुन्या नॉर्समध्ये ‘योद’ असा शब्द खरंच होता, अर्थ बाळ, अपत्य. आइसलँडिकमध्ये कळांना आजही योदसोत म्हणतात, म्हणजे बाळाचं दुखणं. आणि जमिनीचा जुना उच्चार होता ‘योर्द’. योद, योर्द, मधे एक र. तेव्हा मूळ योद होता, तो वापरातून गेला आणि लोकांनी तिथे ओळखीचा योर्द बसवला, असं म्हणणं. ऐकायला फार सुंदर आहे.

मी स्वतः पहिल्या बाजूचा. कारण हा शब्द जिथे जिथे जुना सापडतो, म्हणजे जुनं डॅनिश, जुनं स्वीडिश, तिथे तो र सकटच सापडतो, आणि ‘योद’ हा मुख्यतः पश्चिमेकडचा, आइसलँड-नॉर्वेचा आणि तिथेही बराचसा कवितेतला शब्द. जो शब्द पूर्वेकडे डेन्मार्क-स्वीडनमध्ये वाढला त्याचं मूळ पश्चिमेच्या कवितेत शोधणं मला जड जातं.

सातारकर_अभय

जुनी_पानं, मस्त लिहिलंय, पण एक शंका आहे. उचलणं महत्त्वाचं असेल तर शब्दात उचलणं कुठे आहे? जर्मनमध्ये आहे, इथे नाही. इथे नुसती जमीन आणि आई. मग तुम्ही मधलं उचलणं पदरचं घालताय असं नाही का होत?

जुनी_पानं

अभय, शंका बरोबर आहे. पण समासात क्रियापद गाळलेलंच असतं हो. आपला दूधभाऊ घ्या. दूध आणि भाऊ, बस. त्यात ‘एकाच बाईचं प्यायलेले’ हे कुठेच नाही, ते आपल्याला माहीत असतं म्हणून शब्दात लागत नाही. उद्या ती प्रथा पार विसरली गेली आणि कुणी परका माणूस दूधभाऊचा अर्थ लावायला बसला तर तो म्हणेल दूधवाला भाऊ. यूर्मूरचं तेच झालंय, दोन्ही टोकं शिल्लक आहेत आणि मधला प्रसंग गेलाय, म्हणून तर कुणाला पृथ्वीची आई दिसते आणि कुणाला भूमाता.

नाइट_ड्यूटी

मी बर्गनला नर्स आहे, मूळची मिरजेची. शब्दाच्या मुळाबद्दल जुनी_पानं यांनी लिहिलंच आहे, मी कामाच्या बाजूचं थोडं लिहिते कारण माझ्या मते हा शब्द टिकला कसा हेही तेवढंच बघण्यासारखं आहे.

नॉर्वेच्या खेड्यापाड्यात बाळंतपण करणाऱ्या बाईला सगळीकडे यूर्मूर म्हणत नव्हते. जुना देशी शब्द होता नैरकोने, म्हणजे ‘जवळची बाई’, बाळंतिणीच्या जवळ बसणारी. शिवाय मदत करणारी ती येल्पेकोने. या शेजारपाजारच्या अनुभवी बाया, कुणी परीक्षा दिलेली नाही, आईचं बघून लेक शिकलेली, अगदी आपल्या सुईणींसारख्या. यूर्मूर हा शब्द जास्त करून कागदावरचा, डॅनिश राजवटीतून आलेला. नॉर्वे 1814 पर्यंत डेन्मार्कच्या राजाखाली होता ना, त्यामुळे लिहायची भाषा डॅनिशच. 1537 च्या डॅनिश चर्चच्या नियमांत यूर्मूर आहेत, आणि पाद्री लोकांनी त्यांना शिकवावं असं त्यात आहे, कारण बाळ मरायला टेकलं आणि पाद्री पोचणार नसेल तर बाप्तिस्मा द्यायची वेळ तिच्यावरच यायची. म्हणजे सरकारच्या लेखी ती आधी धर्माच्या कामाची माणूस होती.

मग 1810 ला डेन्मार्क-नॉर्वेसाठी यूर्मूरचा स्वतंत्र कायदा आला, जिल्हे पाडले, प्रत्येक भागाला शिकलेली यूर्मूर. तोपर्यंत शिकायचं तर कोपनहेगनला जायला लागायचं. 1818 ला ख्रिस्तियानियाला, म्हणजे आत्ताच्या ओस्लोला, शाळा निघाली आणि 1861 ला आमच्या बर्गनला. शिकून आलेली तरुण मुलगी गावात यायची आणि गावातल्या बाया बोलावणार कुणाला, तर आपल्या ओळखीच्या येल्पेकोनेला, जिने त्यांच्या आईचंही बाळंतपण केलेलं असायचं. हा तिढा कित्येक वर्षं चालला. मला हे वाचताना आपल्याकडची नर्सबाई आणि सुईण आठवल्याशिवाय राहत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की आज जो शब्द पाटीवर आहे तो जिंकलेला शब्द आहे, सर्टिफिकेटवाला. जवळ बसणाऱ्या बाईचा शब्द हरला. मला स्वतःला तो नैरकोने फार आवडतो.

अजून एक, आता इथे पुरुषही हे काम करतात आणि त्यांनाही यूर्मूरच म्हणतात, ‘आई’ सकट. बदलावा असं मधून मधून कुणीतरी म्हणतं पण तो बदलला नाही. याच्या उलट शाळेत आणि लहान मुलांच्या केंद्रात असणाऱ्या नर्सला हेल्सेसॉस्टर म्हणायचे, आरोग्य-बहीण, तो शब्द 2019 च्या जानेवारीपासून बदलून हेल्से-सीकेप्लैयर केला. बहीण गेली, आई राहिली. ही ‘बहीण’ मुळात डीकनेस, म्हणजे चर्चच्या सेवेतल्या बायांकडून आलेली, 1868 ला कातिंका गुल्दबर्ग यांनी ख्रिस्तियानियात नर्सिंगचं पहिलं शिक्षण सुरू केलं ते डीकनेस संस्थेतच, म्हणून नर्सला सिस्टर म्हणायची पद्धत. आपल्याकडे पण आपण सिस्टरच म्हणतो, मिशनची आठवण.

आणि रानजाई, तुझी यूर्मूर आधी तीन वर्षं नर्सिंग आणि त्यावर दोन वर्षं फक्त हेच शिकून आलेली असणार, त्यामुळे तिच्याकडेच जात राहा, निश्चिंतपणे.

जुनी_पानं

नाइट_ड्यूटी, नैरकोनेचं लिहिलंत ते फार बरं झालं, मी विसरलोच होतो. आणि बघा, इंग्लिश मिडवाइफ पण तेच आहे! त्यातला ‘मिड’ हा मधला नाही, जुन्या इंग्लिशमध्ये मिड म्हणजे ‘सोबत’, आणि वाइफ म्हणजे बायको नाही तर नुसती बाई. सोबतची बाई. नॉर्वेची जवळची बाई आणि इंग्लंडची सोबतची बाई, आणि मधे जर्मनची उचलणारी आजी. फ्रेंच लोक म्हणतात साज-फाम, शहाणी बाई. एकाच कामाला प्रत्येकाने वेगळ्या क्षणी नाव दिलंय, कुणी कळा चालू असताना, कुणी बाळ बाहेर आल्यावर.

शिरोड्याची_लेक

आमच्याकडे गोव्यात सुईण म्हणत नाहीत, वैजीण म्हणतात. वैज म्हणजे वैद्य आणि त्याची बाई ती वैजीण. म्हणजे आमच्या शब्दात ती सरळ डॉक्टरच आहे, उचलणारी नाही आणि जवळ बसणारी पण नाही. माझ्या पणजीच्या वेळची वैजीण बाळंतपणाशिवाय मुलांची पोटदुखी, हात मुरगळला तर तेल लावून बसवणं असं सगळं करायची, त्यामुळे नाव बरोबर होतं.

एक विचारायचं होतं, सुईण हा शब्द सुईवरून आला का? टाके घालते म्हणून? लहानपणी मला तसंच वाटायचं.

जुनी_पानं

नाही नाही, सुईचा काही संबंध नाही. संस्कृतमध्ये ‘सू’ म्हणजे जन्म देणे, त्यावरूनच प्रसूती, सूतिका, आणि त्याच घरातली आपली सुईण. पण तुम्ही लहानपणी जे केलंत तेच नेमकं त्या ‘योद’वाल्या स्पष्टीकरणात लोकांनी केलं असं म्हणतात. जुना ‘सू’ आता एकटा कुणी वापरत नाही, सुई मात्र रोज हातात असते, तर कान आपोआप सुईकडे जातो. भाषेत हे सारखं होतं. तुमच्या प्रश्नामुळे मला ते योदवालं स्पष्टीकरण उलट जरा जास्त शक्य वाटायला लागलंय, खरंच.

पहाटवारा

आमच्या घरी मराठी बायबल रोज वाचलं जायचं, त्यात निर्गमच्या पहिल्याच अध्यायात मिसरचा राजा इब्री सुइणींना बोलावतो, शिप्रा आणि पुवा, आणि सांगतो की मुलगा झाला तर मारून टाका, मुलगी झाली तर राहू द्या. त्या देवाला भिऊन तसं करत नाहीत आणि राजाला सांगतात की इब्री बायका धडधाकट आहेत, आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात. वरचं जमिनीवरून उचलण्याचं वाचलं आणि मला एकदम हेच आठवलं, ठेवायचं की टाकायचं हे ज्या क्षणी ठरतं तिथे हीच बाई उभी असते. नॉर्वेजियन बायबलमध्ये पण त्या दोघी यूर्मूरच असणार ना?

जुनी_पानं

हो, तिथे यूर्मूरचंच अनेकवचन आहे. आणि आइसलँडिकमध्ये त्या दोघी ल्योसमोदिर, ‘ल्योस’ म्हणजे उजेड. उजेडाची आई. नॉर्वेची माती आणि आइसलँडचा उजेड, भाषा एकाच आईच्या लेकी. 2013 ला आइसलँडमध्ये सगळ्यात सुंदर शब्द निवडायची स्पर्धा झाली होती, त्यात हाच पहिला आला. मला वाटतं बरोबरच आला.

सातारकर_अभय

जमिनीवरून आठवलं, माझी बायको बंगाली आहे. त्यांच्यात मूल जन्मलं याला ‘भूमिष्ठ होणे’ असा शब्द आहे, जमिनीवर येणे, टेकणे. आजही लिहिताना वापरतात. आणि आपल्याकडे वार पुरतात जमिनीत, नाळ पुरतात, ‘या मातीशी नाळ जोडलेली आहे’ हे त्यातूनच आलंय. माझ्या आजोळी पाटणजवळ वार अंगणात पुरून वर दगड ठेवायचे, आईने मला माझा दगड दाखवला होता, घडवंचीच्या मागे, त्यावर पावसाळ्यात शेवाळ यायचं. म्हणजे बाळ आणि जमीन हे जगभर एकच आहे असं नाही का म्हणता येणार?

जुनी_पानं

भूमिष्ठ मला माहीत नव्हतं, वहीत लिहून घेतलं. पण अभय, यावरून यूर्मूर सिद्ध होत नाही हं. बाळंतपणं जिथे जमिनीवर होत होती तिथे तिथे जमिनीचा शब्द लागणारच, त्याला एकमेकांकडून घ्यायची गरज नाही. बंगाली शब्द बाळाचा प्रवास सांगतो, बाळ खाली आलं. वार पुरणं वेगळं, ती परत जमिनीत जाते. आणि यूर्मूरमध्ये जमिनीवर आलेलं बाळ वर जातं. तीन वेगळ्या दिशा आहेत. हो, एक गोष्ट मात्र खरोखर सामायिक आहे, यूर्मूरमधला मूर. तो जुना मोदिर, आपला मातृ, इंग्लिशचा मदर, हे सगळे एकाच मुळाचे. म्हणजे रानजाईंच्या दारावरच्या पाटीचा अर्धा भाग आपल्याच घरातला आहे.

कोकणकडा77

थोडं अवांतर, मग डॉक्टरला काय म्हणतात तिथे? लेगे ना? जळूला इंग्लिशमध्ये लीच म्हणतात तर दोन्ही एकच का? जळवा लावायचे म्हणून?

जुनी_पानं

लेगे, बरोबर. आइसलँडिक लैकनिर, स्वीडिश लेकारे, जुन्या इंग्लिशमध्येही डॉक्टरला असाच शब्द होता आणि तोच पुढे लीच झाला. रशियन, पोलिश लोकांनी पण तो घेतला, पोलिशमध्ये डॉक्टर म्हणजे लेकाश. जळू आणि डॉक्टर हे इंग्लिशमध्ये उच्चाराने एक झाले, नॉर्वेजियनमध्ये ती भानगड नाही, तिथे जळू म्हणजे इग्ले. आणि एक फसवा शब्द, लेगेमे म्हणजे शरीर. लेगेशी काही नातं नाही, तो ‘लीक’ वरून आला, आणि लीक म्हणजे प्रेत. पण हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा, मी येतो.

नाइट_ड्यूटी

जुनी_पानं, तुम्ही उचलून बापाकडे न्यायचं लिहिलंत ते मी काल रात्री ड्यूटीवर आमच्या एका यूर्मूरला सांगितलं. तीस वर्षं काम करतेय ती. म्हणाली, आता आम्ही बापाच्या हातात कात्री देतो. इथे बहुतेक ठिकाणी नाळ कापायची का असं बाबाला विचारतात, आणि ती म्हणाली की काही जण कापताना इतके थरथरतात की मला त्यांचं मनगट धरावं लागतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढी उत्तरं येतील असं वाटलंच नव्हतं. मी काल सगळं वाचून काढलं, नवऱ्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं, उतबुर्दच्या तिथे थोडा वेळ थांबले, पण लिहिलंत ते बरं केलंत जुनी_पानं, ते नसतं तर उचलण्याचा अर्थ मला कळलाच नसता.

आज तपासणी होती. मी तिला सांगितलं की आमच्या भाषेत तुला सुईण म्हणतात, तिने दोनदा म्हणून बघितलं, तिला ण जमेना, सुईन, सुईन करत राहिली. मग नैरकोने विचारलं तर ती थांबली आणि म्हणाली, माझी आजी हा शब्द वापरायची, मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिने तो माझ्या कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून दिला. हे गरोदर बाईचं कागदी कार्ड असतं, सगळीकडे स्वतः घेऊन फिरायचं, त्यावर आता पुढच्या बाजूला वजन आणि बीपी आहे आणि मागे नैरकोने.

मग मी विचारलं, तू अजून बाळ जमिनीवरून उचलतेस का. ती म्हणाली, गुडघ्यावर टेकून बाळंत होणाऱ्या बाया आत्ताही असतात, तेव्हा मी खाली चटईवरच बसलेली असते आणि बाळ माझ्या हातात येतं. तिथून ते कुठे नेत नाही, थेट आईच्या छातीवर, पुसायच्याही आधी.

कात्रीचं नवऱ्याला सांगितलंय. तो हो म्हणाला, आणि मग रात्री जेवताना मधेच विचारलं की मनगट धरतील ना नक्की. आई पुढच्या महिन्यात येतेय सांगलीहून, वेखंड आणि डिंक घेऊन. तिला यूर्मूरला भेटायचंय, म्हणाली भूमाता नसली तरी भेटायला काय हरकत आहे.